बूट इथे काढा

बूट इथे काढा. मोजेसुद्धा.
फोन त्या वेताच्या टोपलीत ठेवा,
मागच्या आठवड्यात एकाचा पाण्यात पडला,
मासे भोवती सभा भरवून बसले होते.

मी गुंडोहोय. तिकीट माझ्याकडे,
जळवांसाठी मीठही माझ्याकडे, ते फुकट.
टायरवर बसून खाली वाहत जायचं असेल
तर दुपारी, मार्टिनसचा पोरगा नेतो.
डोंगर बघायचा तर नऊच्या आत.
नंतर किनाबालू ढग अंगावर ओढून घेतो,
मग कुणी कितीही लांबून आलेलं असो.

काल एका बाईंच्या वहीत एकोणचाळीस पक्षी झाले.
चाळिसावा नुसता ओरडून गेला.
बाई म्हणाल्या, ऐकलेला धरत नाहीत.
आमच्यात ऐकलेलाच आधी धरायचे.
नको त्या बाजूने नको तो पक्षी बोलला
की आजोबा अर्ध्या वाटेतून माघारी,
खांद्यावर भाला, तोंडात शिवी.

या. पायरी निसरडी आहे.
आधी टाच टेकवा.
ओरडा खुशाल, सगळेच ओरडतात,
परवा एक न्यायाधीश ओरडले.
हे पेलियान. चावत नाहीत,
वासराने बोट चोखावं, तसं.

इथून त्या आडव्या झाडापर्यंत मासा धरायचा नाही.
याला टागाल म्हणतात.
पाटी अलीकडची, शब्द जुना.
मोडला तर दंड एक डुक्कर,
शिजवून, गावाला वाढून.

पहिलं डुक्कर कुणाचं, विचारा.
नाही विचारलंत तरी सांगतो, तिकिटात धरलंय.

तेव्हा माझे सगळे दात होते.
रात्री टुबाची मुळं ठेचली दगडावर,
पांढरा चीक पाण्यात सोडला
आणि अर्ध्या तासात नदी पोट वर करून आली.
गोण्या कमी पडल्या.
उजाडताना रुसिया आली मागोमाग, सात वर्षांची.
मला नको असलेले, बोटाएवढे,
एकेक उचलून वरच्या धारेत धरायची,
शेपटीने मागेपुढे, मागेपुढे,
शुद्धीवर येतील म्हणून.
तिचा फ्रॉक छातीपर्यंत भिजला.
एकही आला नाही.

पंचांनी डुक्कर सांगितलं. दिलं.
पंगतीत मलाही बसवलं,
माझ्या पानात माझ्याच डुकराचा कान.
कुणी काही बोललं नाही,
वाढणारे फक्त विचारत राहिले, अजून घे, अजून घे.
हात धुताना मुखिया म्हणाला,
चोरवाटा यालाच ठाऊक, राखणीला यालाच बसवा.
एकवीस वर्षं झाली.

वर्षातून एक दिवस टागाल उघडतो,
गाव जाळी घेऊन उतरतं, घरटी वाटा.
त्या दिवशी मला वरच्या शेतात आलं खणायचं असतं.

रुसिया आता शहरात नर्स आहे.
सुट्टीला आली की तुमच्यासारखीच बूट काढते,
तिकिटाचे पैसे सुट्टे मोजून देते.
मी घेतो.

हलू नका.
तो बघा, टाचेच्या भेगेशी आलाय,
खालचा ओठ फाटका. जुना आहे.
सहा वाजता तो किडा करवतीसारखा लागला
की हे सगळे खोल पाण्यात जातात,
तोवर बसा निवांत.

मी? नाही हो.
बूट सांभाळायला कुणीतरी लागतंच ना वर.