तुडूम

आमच्या गावात रेंज येते ती तलावाच्या पाळीवर,
म्हणून माझं ऑफिस तिथं:
मोहाखाली प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर लॅपटॉप
आणि बॅटरी उतरली की घराकडे धाव.

काम असं, की चौकटी घडवायच्या.
नावाची चौकट, वयाची, पिन कोडची.
एकदा नीट घडवली की हजार पानांवर तीच बसते,
एका साच्यातल्या कवेलूसारखी.

प्रत्येक चौकटीला टाइप असतो.
मराठीत प्रकार म्हणता येईल.
जात हा शब्द जास्त जवळचा आहे,
तो मी वापरत नाही.
आकड्याच्या जागी अक्षर आलं
तर चूक इथंच कळते, माझ्यासमोर, लाल रेघ होऊन;
तिकडे कुणी रांगेत उभं राहून
खिडकीतून परत फिरण्याआधी.
एवढ्यासाठी मला हे काम आवडतं.

आणि काही चौकटी मिटलेल्या असतात.
'विवाहित'पुढे होय म्हटलं की पतीच्या नावाची उघडते,
नाही म्हटलं की दिसतसुद्धा नाही.
डोमाजी पाणकर तुडूम उघडतात तसंच:
आधी वरचं भोक, पाणी उतरलं की त्याखालचं.
खालचं आधी काढलं तर बांध्या वाहून जातात.
मी त्यांना हे समजावलं. ते म्हणाले,
"तुया कामात चिखल नसते ना पोरी?"
असतो, म्हटलं.

मंगळवारी बिरजाबाई आली,
डोक्यावर शिंगाड्यांचं टोपलं.
म्हटलं, बस, माझा फारम भरून बघ,
खोटा आहे, भ्यायचं काम नाही.

जन्मतारीख?
"पाळ फुटली त्या साली. मारबतीच्या दिवशी."
बरं. अंदाजे वय चालतं, ती सोय मी केली होती.
विवाहित?
ती शिंगाडा सोलत राहिली.
"रायपूरकडं गेला कामाले. सतरा वर्सं झाली."
आहे का?
"मले का मालूम."

होय, नाही. दोनच गोल.
तिनं एकालाही बोट लावलं नाही
आणि चौकटीखाली माझंच वाक्य उमटलं,
लाल, सभ्य: हे भरणं आवश्यक आहे.
"का म्हनते तो?"
म्हणतो, सांगा.
"त्याले म्हन, मलेच सांगत नाई कोनी."

रात्री मी टाइप बदलला.
होय. नाही. ठाऊक नाही.
एक शब्द वाढवला आणि सेव्ह केलं,
तर एक्केचाळीस चुका.
एक्केचाळीस जागी कुणीतरी धरून चाललं होतं
की नवरा एकतर असतो किंवा नसतो.
त्यातल्या एकोणीस माझ्या हातच्या,
खाली माझं नाव, तारीख.
काल हेच सगळं हिरवं होतं.

एकेक उघडत गेले.
वारसाचं पान. पत्त्याचं पान.
एका कोपऱ्यात तर उत्तर नसेल तिथं
'विधवा' असं आपोआप भरलं जात होतं.
त्याच्यापाशी बराच वेळ बसले.
बाहेर कुत्री भुंकत होती, मग तीही झोपली.

पुण्याहून ऋत्विजनं विचारलं,
हा केस किती युजर्सना लागेल?
मी लिहिलं, एकीला. खोडलं.
लिहिलं, मोजायला जागाच नव्हती, आता कळेल.
तो म्हणाला, ठीक, पण 'लागू नाही' लिहू या,
बटणात नीट बसतं.
नाही, म्हटलं. ते वेगळं.
रुंदी वाढव.

पुढच्या मंगळवारी मोबाइल तिच्या हातात दिला.
तिसरा गोल मी वाचून दाखवला.
"हे लिवलं हाये तिथं?"
लिहिलं आहे.
तिनं अंगठा टेकवला. काहीच झालं नाही.
नुकतीच पाण्यातून आली होती,
ओलं बोट काचेला कळत नाही.
तिनं तो पदराला पुसला,
आधी एक बाजू, मग दुसरी,
आणि पुन्हा दाबला.