रांजण

सातपूरच्या केंद्रात मंगळवारी चारला
माझा तास. चौदा जण, एक सतरंजी,
पंखा एकाच कोपऱ्यावर मेहेरबान.
रात्र जागून काढलेली टिपणं राहिली
शरणपूरला, डब्यांच्या फळीवर.

शास्त्र उघडलं, तर पान निघालं
नेमकं लग्नघरचं, जिथे द्राक्षारस संपतो.

देवा, हेच? यांच्यापुढे?
दिंडोरीकडच्या बागा काढणीला आलेल्या,
द्राक्षांचं पुढे काय काय होतं
ते माझ्यापेक्षा यांना ठाऊक.
पान उलटायला बोट ओलं केलं.
उलटलं नाही. वाचत गेले, आवाज बारीक करत.

कोणी हसलं. एकाने ओठ चाटले, खरंच.
मग पुंजा गांगुर्डे, आजचा अकरावा दिवस,
आठ वर्षं पाण्याच्या टँकरवर काढलेला:
"बाई, रांजण किती म्हणालात?"
"सहा."
"दगडी? लई खेपा झाल्या असतील.
त्या गड्यांना सांगितलं व्हतं का, पुढं काय व्हनार ते?"
"नाही."
"तरी काठोकाठ भरले."
जरा थांबून, सतरंजीचा दोरा ओढत,
"तेवढं जमंल मला. पानी भरायचं."

त्या गोष्टीचा अर्थ माझ्याकडे होता,
तीन मुद्द्यांत. सांगितला नाही.

निघताना त्याने पेला आणून दिला.
हात थरथरत होते,
निम्मं सतरंजीवर सांडलं.
उरलेलं मी प्यायले.

रिक्षात बसल्यावर ध्यानात आलं,
पुढच्या मंगळवारचं
काहीच ठरवलेलं नाही.