तसाच थांब

डिचोलीत तेव्हा खाणीची तांबडी धूळ
ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काचेवरही बसायची.
फ्रान्सिस्कबाबच्या बलकांवात आम्ही नऊ-दहा जणं,
कौलांवर सिप्रियान, अँटेना धरून.
"आलं?"
"मुंग्या!"
"आता?"
"हां, तसाच थांब!"

तसाच थांबला तो, तेरा रविवार.
'नऊ नंबरचं दीपगृह' त्यानं कधी पाहिलंच नाही,
फक्त ऐकलं, वरून.

तेराव्या भागात राखणदारानं दार अर्धं उघडलं
आणि मालिका बंद पडली.
एकतीस वर्षं आम्ही त्या फटीशी भांडतोय:
आत त्याची बायको. आत समुद्र.
फिलू म्हणायची, आत निर्मात्याचे संपलेले पैसे.

आता नवी आलीय. मोबाइलवर, आठ भाग एकदम.
समुद्र निळाशार.
निळा?
आमचा तर तांबडा होता.

पहिल्याच भागात दार सताड उघडलं,
आत काय होतं तेही दाखवलं.
वाईट नाही. खरंच, वाईट नाही.
धूळ नसताना मी दोनदा काच पुसली.

मग स्विंडनला फोन लावला. सिप्रियानची रात्रपाळी.
"पाहिलंस?"
"ना गो," म्हणाला,
"तू सांग.
मी थांबतो."