साडेआठ तास

भांडुपच्या टेकडीवर आमची खोली,
समोच्च रेषा जिथे एकमेकींना खेटून चालतात.
तीव्र उतार, असं लिहायचं. एक गुण.
आई काही लिहीत नाही. कमरेवर कळशी घेऊन
एकशे चौदा पायऱ्या चढते
आणि दर चाळीसला टेकते.
तडवी सरांना सांगितलं, तर म्हणाले,
दोन रेषांमधलं अंतर म्हणतात ते हेच, हर्षाली.

दहावीला अर्धा भारत, अर्धा ब्राझील.
ब्राझीलच का, हे फक्त वाकोडेने विचारलं.
सर म्हणाले,
शेजाऱ्याशी तुलना काय, सगळेच करतात.

शाळा दुपारची. सकाळी पाठ करायचं ते कुजबुजत,
कारण पप्पा झोपलेले.
पवईच्या एका काचेच्या इमारतीत ते रात्रपाळीचे वॉचमन.
आठला येतात. चहा. बूट खाटेखाली.
डोळ्यांवर आईची जुनी ओढणी.
दहा बाय बाराच्या खोलीत त्यांची रात्र पडते
आणि त्या रात्रीच्या काठावर बसून मी
अ‍ॅमेझॉन, पुरुस, जापुरा,
अजस्र कडा, पर्जन्यछायेचा प्रदेश,
पुरुस उजव्या तीरावर, जापुरा डाव्या,
पुरुस उजव्या.
पप्पा कूस बदलतात.

प्रमाणवेळेच्या धड्याला सरांनी विचारलं,
कुणाच्या घरचं माणूस दुसऱ्या वेळेत राहतं?
शिफाचे मामू दुबईत, दीड तास मागे.
निगुडकरची ताई कॅनडात, तिला नक्की माहीत नव्हतं किती.
मी म्हटलं, माझे पप्पा. ब्राझीलमध्ये.

वर्ग हसला. पप्पांना सगळ्यांनीच पाहिलेलं,
नाक्यावर, गणवेशात, केळ्यांचा भाव करताना.
मी फळ्यापाशी गेले आणि मांडलं:
आपल्याकडे सकाळचे आठ,
ब्राझिलियात आदल्या रात्रीचे साडेअकरा. पप्पा झोपतात.
आपल्याकडे दुपारचे अडीच,
ब्राझिलियात पहाटेचे सहा. पप्पा उठतात.
फरक साडेआठ तास. सगळं तिथल्या घड्याळाने चाललंय,
फक्त पगार इथला.

सर खडूकडे बघत राहिले, माझ्या हातातल्या.
मग म्हणाले, गणित बरोबर.
उदाहरण पुस्तकातलं नाही, पेपरात लिहू नकोस.

रविवारी सुट्टी. पप्पा एका दिवसापुरते भारतात येतात.
दुपारभर जागं राहायचं म्हणतात
आणि भाताचा घास हातात धरून पेंगतात.
सुमेध बॅट घेऊन दारात ताटकळतो.
रात्री दोनला मात्र डोळे टक्क.
एकदा मला जाग आली, तर उंबऱ्यावर बसून
खाली उतारभर लागलेले दिवे बघत होते.
काय करताय, विचारलं.
म्हणाले, लोकसंख्येची घनता.

भूगोलाचा पेपर अकरा ते एक.
फाटकाशी सगळ्यांच्या आया. आणि पप्पा.
घरी न जाता थेट आलेले,
खांद्यावर कंपनीची पट्टी,
खिशातून शिट्टीची दोरी लोंबतेय.
काही बोलले नाहीत. बोलणार काय,
त्यांच्याकडे पहाटेचे अडीच वाजले होते.

एक वाजता बाहेर पडले तेव्हा
भिंतीला पाठ लावून उभ्याने झोपलेले,
मनगटाला उसाच्या रसाची पिशवी, गाठ न सोडलेली,
आतला बर्फ विरघळून पाणी झालेला.
साडेचार, मी मनात हिशेब केला.
उठवावं की नाही कळेना.
डोळे न उघडताच त्यांनी विचारलं,
'पुरुस आली होती का?'

नव्हती आली.
नकाशात सहा ठिकाणं भरायची होती, नदी एकही नाही.
मी म्हटलं, आली होती.
'उजव्या तीरावर दाखवलीस ना?'
हो.
'मग झालं,' म्हणाले, आणि माझं पॅड काखेत घेतलं.

चढताना आम्ही बोललो नाही.
चाळिसाव्या पायरीवर ते टेकले,
दातांनी गाठ सोडली,
पहिला घोट मला.