डाग

शिरोलीच्या फाउंड्रीत, रात्रपाळीला,
जुन्या बोर्डावर मेमरीला कुंपण नाही.
तापमानाचं कार्ड थेट आत सोडायचं तर
कर्नल आधी विचारतो: असुरक्षित आहे, चालेल?
मी लिहिते, हो.

तो सोडतो.
पण स्वतःवर एक डाग लावून घेतो,
रीबूटपर्यंत न पुसणारा.
पुढं काही बिघडलं तर
म्हणू नका, सांगितलं नव्हतं.

भूपालदादा चौगुले हातमोजा काढून
साच्याची वाळू मुठीत दाबतात.
"मोज्यातनं ओल कळत न्हाई, बाई."
मनगटावर जुनी पांढरी खूण.

तीन वाजता कार्डानं
दुसऱ्याच कुणाच्या पानावर आपले आकडे लिहिले.
कुणाच्या, ते अजून शोधतेय.

रस ओतायची वेळ झाली.
पडद्यावर सगळं बरोबर दिसतंय.
तेच मला बरोबर वाटत नाही.