चार हजारांपाशी खड्डा

रात्री डास समजून
उजव्या कानावर चापट मारते.
डास नसतो.
मच्छरदाणीच्या आत मी,
आणि माझ्याही आत ती बारीक शिटी.

बांबोळीला जाऊन तपासून आले.
काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं,
ऐकू आलं की दाब, म्हणाले.
बराच वेळ काही आलंच नाही.
वाटलं, यंत्र बिघडलंय.
मग कागद दाखवला : रेघ बरी चालत येते
आणि चार हजारांपाशी पाय घसरून पडते,
पलीकडे थोडी धडपडत वर.
मी डिचोलीची. असे खड्डे ओळखते.
खाण बंद पडली की त्यात पाणी साचतं,
हिरवंगार. पाहुणे फोटो काढतात.

डॉक्टर ओल्गा मिनेझिसनं कागद पाहिला
आणि खणातून स्वतःचा काढला.
तिचा डावा कान, माझा उजवा.
मधे खुर्ची.
खुर्चीत अकरा वर्षं कुणीतरी आ वासून.
“हें केन्नाचें?”
“तुवें विचारलें ना,” ती म्हणाली,
“हांवें सांगलें ना.”

दुसऱ्या सोमवारी बेसिनखालचा कॉम्प्रेसर
परसात नेला, नीरफणसाखाली.
उल्हास च्यारीनं त्याला पेटी केली,
आतून काथ्या ठोकला, वाऱ्याला भोकं ठेवली.
त्या दिवशी बाहेरच्या बाकावर
जो तो विचारी : लायट गेली?
शेजारणीची कोंबडी आता पेटीवरच बसते.
ऊब असते ना.

टर्बाईनची झिजलेली बेअरिंगं बदलली.
स्टीलच्या ट्रेमध्ये जुनी चादर फाडून घातली,
चिमटे आदळेनासे झाले.
आणि सक्शन. ते मी सकाळी लावायचे
ते दुपारी जेवायलाच बंद करायचे.
मला वाटायचं, घरघर म्हणजे काम.
आता लागेल तेव्हाच.
आमच्या दोघींच्या कानांत पिवळी बुचं,
शब्द येतात, किंकाळी गाळली जाते.
शब्द तरी कुठे सगळे :
डॉक्टर “कापूस” म्हणते,
मला “कापू” मिळतं.

बुधवारी, बाजाराच्या दिवशी, पुनाजी गांवस आला.
तीस वर्षं खाणीवर ड्रिल चालवलेला माणूस.
हातावर लाल माती कातडीखाली गेलेली.
दाढ दुखून आठ दिवस झोप नाही
आणि खुर्चीला हात लावेना.
डॉक्टर म्हणाली, अरे, तुझ्यापुढे हे खेळणं.
म्हणाला,
“तें दोंगरांत वतालें.
हें म्हजे भितर येता.”

त्यालाही बुचं दिली.
दोन सेकंदांत उपटून काढली :
कान बंद केले तर आवाज आतच कोंडला,
बाहेर जायला दारच नाही.
खरंच होतं ते. हाडातून येणाऱ्याला
कानाचं कुलूप काय करणार.

डॉक्टरनं ड्रिल परत अडकवलं.
छोटा चमचा घेतला, हातानं कोरायचा.
कीड मऊ होती, नशीब.
“डावा हात वर केलास की मी थांबले.
का, म्हणून विचारणार नाही.”
बाहेर सहाजण खोळंबलेले,
एकाची वास्कोची बस चुकणार होती, तो दोनदा खाकरला.
आत फक्त खरवड, 
भाताच्या तळाशी उलथनं लागावं तशी,
आणि माझ्या मनगटातलं घड्याळ,
जे मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं,
आणि आताही ऐकत नव्हते,
फक्त काटा दिसत होता.

मग हात वर आला.
ती थांबली.
पुनाजीनं थुंकून तोंड पुसलं.
“मशीन बंद कर गो बाये.
कितली शिटी मारता.”

मशीन लावलंच नव्हतं.
भिंतीवरची नळी त्याला दाखवली, अडकवलेली, गार.
तो तिच्याकडे पाहत राहिला.
“मागीर ही कोणाची?”

डॉक्टर काही बोलली नाही.
मीही नाही.
परसात कोंबडी ओरडली, अंडं दिलं असणार,
ते तिघांनीही ऐकलं.

मास्कच्या आत डॉक्टरचा गाल हलला.
मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं
आणि कापूस दिला.