दुसरी चावी

फॉर्म जळगावच्या बैठकीत ठरला.
चार पानी. वर केंद्राचं नाव, खाली सदस्यसंख्या,
मग रकाने: आसनं, पंखे, पाणी, पुस्तकं, शिकवणारे,
आणि शेवटी दोन बोटं जागा: इतर.
एसटीत बत्तीस वर्षं हिशेब लिहिले
म्हणून काम माझ्याकडे आलं.
"बिऱ्हाडेसाहेब, कुठं काय कमी आहे
तेवढं फक्त बघून या."

भुसावळला कमी काही नव्हतं, यादी मात्र मोठी होती.
रेल्वे क्वार्टरांमागचा हॉल, एकवीस उशा,
कूलर दोन, तिसरा हवा.
मालगाडी जोडताना डब्यांचा धक्का
भिंतीतून थेट बसणाऱ्याच्या पाठीत येतो,
त्याच्यावर काही उपाय?
शंटिंगवाले सुरवाडे विचारून स्वतःच हसले:
"जन्मभर तो धक्का मीच दिला.
आता घ्यायची पाळी."
मी लिहिलं: कूलर, एक.

धरणगावची खोली जिनिंगला लागून.
हंगामात कापसाचे तंतू आत तरंगत येतात,
तासाभरानं डोळे उघडावेत
तर सगळे एकदम म्हातारे झालेले.
खिडकीला जाळी हवी, लिहिलं.
एक पोरगा म्हणाला, जाळी नको, मजा येते.
तेही लिहिलं.
मग खोडलं.

पिंपळोद चोपड्याच्या पुढे, केळीत बुडालेलं.
पंचफुलाबाई सपकाळे बागेतून तशाच आल्या,
हातांवर चिकाचे काळे डाग,
पदराच्या गाठीत चावी.
खोली झाडलेली. मूर्तीपुढं ताजं फूल.
घंटा म्हणजे स्टीलचं ताट आणि एक पाना.

"किती जण बसतात?"
"मी."
"आणि बाकीचे?"
एक सुरतेला गेला, लेकासोबत.
एकीची सून बाळंत झाली ती अजून बाळंतच आहे.
दोघांचं बांधावरून वाजलं, आता एका छताखाली येत नाहीत.
एक वारली.
"सात महिना व्हयनात, मी एकलीच बठस."

फॉर्मची भाषा मला अचानक जड झाली.
पेन बंद करून विचारलं,
"तुमले काय जोयजे?"

बराच वेळ त्या नखाखालचा चीक काढत राहिल्या.
"कुलूपनी दुसरी चावी."

माझा चेहरा बघून म्हणाल्या,
"गुरुवारले मी नई उनू ते दार बंद ऱ्हास.
कोनी ईसन परत गया व्हई
ते माले कसं समजई?"

"पण दुसरी चावी देणार कुणाला?"

"चावी व्हई ते कोनी तरी व्हई."

आणि ताटावर पाना टेकवला, हलकेच.

श्वास आत. श्वास बाहेर.
मी मोजायला लागलो, जुनी खोड,
सुटे पैसे मोजावेत तसा.
आठला वीज आली, बागेतला पंप धडधडला.
सव्वाआठला गाडीचा हॉर्न,
चोपड्याची शेवटची.
गुडघा हलला माझा, एवढंच.
शेजारी त्यांचा श्वास चालूच,
पाटाच्या पाण्यासारखा,
कुणी बघो न बघो.

सदस्यसंख्येत एक लिहून झाला होता.
पाहुण्याला धरायचं की नाही
हे बत्तीस वर्षांच्या हिशेबात कुठं बसेना.

रात्री कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, ओसरीवर खाट.
पहाटे पहिल्या गाडीला निघताना
त्यांनी गाठ सोडली.
होती ती एकुलती चावी माझ्या हातावर ठेवली:
"चोपडामा करी ल्या."
पावती मागितली नाही.

स्टँडजवळच्या चावीवाल्यानं कानस घासत
दहा मिनिटांत दुसरी काढली. चाळीस रुपये.

बैठकीत खजिनदारांनी चष्मा वर केला,
"इतरमध्ये हे काय? आणि याचं बिल?"
बिल नाही म्हणालो.
कूलर मंजूर झाला. जाळीचं पुढच्या महिन्यात बघू.

आज मंगळवार.
दोन्ही चाव्या माझ्या खिशात आहेत,
चालताना एकमेकींवर वाजतात.
चोपडा गाडी दुपारी दोनला सुटते.